शेवटची पंगत

कमळाबाईंनी विळीचं पातं जुन्या टॉवेलात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि विळी पिशवीच्या तळाशी घातली.

"आई, विळी कशाला?" सून जिज्ञासा म्हणाली. "तिकडे असतीलच ना."

"जिची तिनं न्यायची असते."

जिज्ञासा हसली आणि रिक्षा बुक करायला लागली. कात्रपहून बदलापूर गाव म्हणजे काही परमुलूख नव्हे, पूल ओलांडला की आलंच. पण मुलाने, अल्पेशने, कात्रपला फ्लॅट घेऊन त्यांना गावातून इकडे आणल्यापासून कधी गुडघे, कधी नातवाची परीक्षा, असं करत जाणं राहूनच गेलं होतं. आज मारुतीच्या देवळात महिला भजनी मंडळाचा वर्धापनदिन होता. भजन, सत्कार आणि मग भंडारा.

भजनाची ओढ होतीच. पण खरं सांगायचं तर कमळाबाईंचा जीव अडकला होता शेवटच्या पंगतीत. सगळं गाव जेवून गेलं की चिरणाऱ्या, रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बायका तेवढ्या उरायच्या. मग मांडवामागे ऐसपैस बसायचं, टोपाच्या तळाची भाजी वाटून घ्यायची आणि दिवसभर पोटात दाबलेलं बोलून टाकायचं. भाजीत मीठ दोनदा कुणी टाकलं, कुणाची सून किती वाजता उठते. कात्रपच्या डायनिंग टेबलावर सगळं मिळायचं, एवढं सोडून.

देवळाच्या दारातच नूतनने त्यांना गाठलं. ही त्यांच्या जुन्या मैत्रिणीची, गयाबाईची, सून; मंडळाची नवी सेक्रेटरी.

"या काकी, या! तुमची खुर्ची पुढेच ठेवलीय."

"अगं, आधी भाजी चिरायची..."

"तुम्ही कशाला? तुम्ही आता पाहुण्या ना!" नूतनने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि नीट सांभाळून देवळाच्या कपाटात ठेवून दिली.

पोरीच्या मनात मायाच होती, त्यामुळे धड भांडताही येईना. कमळाबाई खुर्चीत बसल्या. भजन सुरू झालं, टाळ सगळ्यांना वाटले गेले, खुर्चीपर्यंत काही आले नाहीत. मग अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. मंडळाने आपल्या बाईला कधी शाल घातली नव्हती. शाल मिळायची ती दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना, नाहीतर कुणा पुढाऱ्याला. कमळाबाई फोटोपुरत्या हसल्या. आत मात्र त्यांना रडू येत होतं.

पहिल्या पंगतीत त्यांना डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसवलं. भात वाढायला गयाबाई आली. अर्धं आयुष्य दोघींनी शेजारी बसून कांदे चिरले होते.

"घ्या, लाजू नका," म्हणत गयाबाईने डाव रिकामा केला.

घ्या! शेजारी डॉक्टरीणबाई आहेत म्हणून म्हणाली असेल, अशी कमळाबाईंनी मनाची समजूत घातली. गयाबाई पुन्हा आली, पुन्हा भात पडला. प्रसादाचं पान टाकून उठायचं कसं? त्या सगळं जेवल्या. चव काही कळली नाही.

अल्पेशचा फोन आला. "आई, न्यायला येऊ का?"

"थांब जरा."

हळूहळू गाव पांगलं. मांडवामागून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज यायला लागला. कमळाबाईंनी शालीची घडी करून ती खुर्चीवर ठेवली आणि त्या मागे गेल्या. पत्रावळींवर बसलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या. नूतन तर उठूनच उभी राहिली.

"काकी, काही हवंय का? पाणी देऊ?"

पाणीच मागावं आणि निघावं, असं कमळाबाईंना वाटलं.

"मी जेवले नाय अजून," त्या म्हणाल्या.

पहिल्या पंगतीत त्यांना जेवताना सगळ्यांनीच पाहिलं होतं. नूतनने गोंधळून सासूकडे बघितलं.

गयाबाईने उचललेला घास पुन्हा पानात ठेवला आणि थोडा वेळ ती कमळाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सरक गो सखू," ती शेजारणीला म्हणाली. "हिला बसू दे. सकालपासून उपाशी हाय ती."

कमळाबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. गयाबाईने टोप तिरका केला, तळाचा भात खरवडला आणि त्यांच्या पानात वाढला.

"आनि जेवून पलायचं नाय, कमले. टोपं कोन घासल?"