मोझेलबाईंच्या अंगणातला मलिदा

पौष निम्मा सरत आला होता. खाडीच्या संथ, शांत, श्यामल पाण्यावर केशरी ऊन अंग पसरून पडलं होतं. वालाच्या शेतांत शेंगा भरत होत्या, माडांच्या झावळ्या एकमेकींच्या कानाला लागत होत्या, आणि वारा उगाचच दारोदारी कुणाची तरी चौकशी करत हिंडत होता. धुक्यात न्हालेला, उन्हात वाळलेला, असा प्रसन्नमुख दिवस. अशा दिवशी रुसायचं म्हटलं तर माणसाला फार कष्ट पडतात. पण या गावाने ते घेतले.

गावात बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचं, आता एकच घर. एके काळी वीस होती. तेल गाळणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, मराठीत भांडणारी आणि हिब्रूत प्रार्थना करणारी. एकेक करून ती समुद्रापार गेली. उरल्या मोझेलबाई अष्टमकर. शुभ्रकेशा, ताठमाना, निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली, उरलेल्या अर्ध्याला कान धरून शिकवली.

दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचं मळभ होतं. जास्वंद दिसेना, अक्षर दिसेना, दारात आलेला चेहरा दिसेना. तेव्हा त्या आपल्या संदेष्ट्याला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलल्या : दिसू लागलं तर तुझ्या पौर्णिमेच्या उरुसाला सारा गाव माझ्या ताटातून खाईल. शस्त्रक्रिया झाली. दिसू लागलं. जास्वंद तर इतकी लाल दिसली की बाई तिच्यावरच रागावल्या.

मग त्यांनी खडू घेतला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, टपोऱ्या वळणदार अक्षरांत, लिहिलं : 'पौर्णिमेला सायंकाळी माझ्या अंगणात मलिदा. प्रथम सरपंचांनी खावा, मग सर्वांनी.' गावच्या प्रमुखाला पहिला घास, ही त्यांच्या घराण्याची जुनी रीत.

आता मलिदा म्हणजे त्यांच्या घरी भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वेलची, वर पाच फळं. देवापुढे ठेवायचा आणि वाटून खायचा. पण ती वीस घरं गेली, तसा गावाला त्या चवीचा विसर पडला. गावाला मलिदा ठाऊक तो वर्तमानपत्रातला. रस्त्यात खडी कमी पडली की कुणीतरी मलिदा खाल्ला, असं तिथे छापून येतं. आणि गावचा नवा रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला होता.

सरपंचांचं नाव हरिश्चंद्र घरत. त्यांनी खरोखर काहीही खाल्लं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. फळ्यासमोर गाव पोट धरधरून हसलं. सरपंचांनी तळहाताने फळा पुसला आणि जाहीर केलं की त्या घराची पायरी जो चढेल, त्याच्याशी आपलं बोलणं बंद. गाव मुकाट घरी गेलं.

पौर्णिमेची दुपार कलली. सारवलेलं, शिंपलेलं, रांगोळीने रेखलेलं अंगण. मधोमध पितळी ताट, ताटात मलिद्याचा डोंगर, डोंगरावर एक गुलाब. माणूस मात्र एकही नाही. पोहे सुकू लागले. मोझेलबाईंना रडू आलं. कुठे चुकलं तेच कळेना. फळ्यावरची दोन्ही वाक्यं त्यांनी मनात पुन्हा तपासली. ऱ्हस्व-दीर्घ तर बरोबर होते.

शेजारच्या खैरूनबी मुकादम वाडगा घेऊन आल्या. त्यांच्याकडेही मलिदा होतोच, दर्ग्यावर नेतात तो, पोळी कुस्करून तूप-गूळ घातलेला. उरुसाच्या दिवशी बाईंसाठी त्यांनी थोडा करून आणला होता. रिकामं अंगण पाहून त्या थबकल्या. सरपंचांनी फळा पुसल्याचं त्यांच्या कानावर होतंच; कुठला मलिदा समजून, ते आता उमगलं. आधी त्या खुदकन हसल्या, मग भडकल्या, आणि वाडग्यासकट तशाच सरपंचांच्या ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"हरिश्चंद्रा, तोंड उघड."

"काय हाय ते, चाची?"

"मलिदा हाय. आमचा पोळीचा, बाईंचा पोह्यांचा. तू समजलास तो आम्हा दोघींच्या घरात शिजत नाय."

घास तोंडात विरघळला आणि सरपंचांचा चेहरा उतरला. "म्हंजे बाईंनी मना देवाच्या प्रसादाला बोलावलं व्हतं?"

लाजेने त्यांचे कान तापले. पण आता जावं तरी कसं? गेले आणि खाल्ला, तर जन्मभराची टिंगल. नाही गेले, तर ज्यांनी हात धरून 'ह' गिरवून घेतला, त्या बाईंचा नवस उपाशी. सरपंचांनी टोपी चढवली. मागच्या पाणंदीने न जाता ते भर रस्त्याने निघाले, आणि आता काय होतं ते बघायला सारा गाव त्यांच्या मागोमाग निघाला.

"उशीर केलास," मोझेलबाई म्हणाल्या.

"बाई, चुकलो. फला मीच पुसला."

"मग हाताला खडू असेल. आधी धुऊन ये."

बाईंनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. कापरी, मधुर, मंद. गावाला त्यातलं अक्षर कळलं नाही. शेवटी बाई उत्तरासाठी थांबल्या. खैरूनबी म्हणाल्या, "आमीन." तेवढं गावाने उचललं. कुणी आमीन म्हणालं, कुणी आमेन, आणि मागची एक म्हातारी "तसंच होवो गो बाय" म्हणून मोकळी झाली.

सरपंचांनी पहिला घास घेतला. गर्दीतून आरोळी आलीच, "सरपंच मलिदा खातायत हो!"

"खातो!" सरपंच भरल्या तोंडाने गरजले. "दिवसाउजेडी खातो, चारचौघांत खातो! तुमी पन या!"

हास्याचा लोट उठला, आणि हात पुढे आले. मेहंदीचे हात, मिठागरातले भेगाळलेले हात, जाळी विणणारे हात, बांगड्यांचे आणि बिनबांगड्यांचे. केळं कुणाला, खजूर कुणाला, गुलाबाची पाकळी कुणाला.

तिन्हीसांजेला खैरूनबींनी विचारलं, "तुला उरला का गो?"

मोझेलबाईंनी ताट तिरकं केलं. सोबतची घरं गेल्यापासून बारा वर्षं त्या दार लोटून वाटीभरच मलिदा करत, आणि तो एकट्याच खात. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही, पार आंबूस होईपर्यंत. आज काठाला नारळाचा एक कीस तेवढा चिकटला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, जिभेवर ठेवला, आणि डोळे मिटले.

अंगणभर माणसं होती, माणसांत हसू होतं, आणि ताटात काही नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं.