आजीच्या हातचा सरगुंडा

लोणारात कॉम्प्युटरचा क्लास निघाला आणि सत्यभामाने आपली बेबी सगळ्यांत आधी तिथे घातली. सुलतानपूरहून एसटीने नेणे-आणणे तीच करी. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचे. तिथली ती लखलखीत स्वच्छता तिच्या डोक्यातच बसली. घरी परतली की तिला सगळ्याची शिसारी येई. अंगणातल्या शेणाची, भाजीच्या मळ्यातून आलेल्या सासूच्या पायांची आणि सर्वांत जास्त त्यांच्या हातांची. मनकर्णाबाईंच्या तळव्यांना भेगा होत्या आणि भेगांत काळी माती कायमची बसली होती. त्यांनी मळलेली कणीक दिसली की सत्यभामा नाक मुरडी. लेकीला तर ती उठता-बसता बजावी, की तुझे हात कॉम्प्युटरचे आहेत, मातीत घालायचे नाहीत.

त्या दिवशी घरात आमरस होता. काडीवर कणीक गुंडाळून मनकर्णाबाईंनी सरगुंडे वळले, वाफवले. पहिला रसात बुडवून नातीच्या तोंडाशी नेला. बेबीने तोंड फिरवलं.

"शीऽ! तुह्या हातचं नाई खात मी. घान हायेत तुहे हात."

म्हातारीने हात मागे घेतला आणि पदराखाली झाकला. ती आपल्या नवऱ्याला, शेषरावांना, एवढंच म्हणाली, की उद्यापासून चुलीजवळ येणार नाही. सत्यभामाचा नवरा मोतीराम लेकीवर हात उगारून धावला, तसे त्याचे वडील शेषराव आडवे आले.

"तिले काऊन मारतं बे? लेकराले किळस उपजत येते का? घरात पाहून शिकली ते." मग सुनेकडे वळून ते हलकेच म्हणाले, "कॉम्प्युटर शिकव, सूनबाई, हौसेनं शिकव. पन त्या डब्ब्याले सांगाले डोक्यात काही सुचलं पायजे ना? मातीत, कनकीत हात घातल्याबिगर ते सुचत नाही. अन् कितीबी शिकली तरी भूक लागनारच हाय."

सत्यभामाला स्वतःचीच किळस आली. याच हातांनी तिचं बाळंतपण केलं होतं, बेबीला पहिली आंघोळ घातली होती! ती सासूसमोर जाऊन बसली. पदराखालचा हात तिने बाहेर ओढला.

"आत्याबाई, मले भरवा."

मनकर्णाबाईंनी मान हलवली, नाही म्हणाल्या. सत्यभामा उठेना. शेवटी त्यांनी भरवलंच, सुनेच्या हनुवटीवर रस ओघळला. बेबी टक लावून पाहत होती. थोड्या वेळाने तिने एक काडी मागितली. तिने वळलेल्या त्या वाकड्या वेटोळ्याला आजी गोगलगाय म्हणाली, तरी बेबीने ते आवडीने खाल्लं.

बायांनो, लेकरांना यंत्रं जरूर शिकवू. पण राबणाऱ्या हातांची किळस त्यांना कुठल्या क्लासात नव्हे, आपल्याच नाक मुरडण्यातून मिळते. ती शिकवणी मात्र आजच बंद करू.