बुद्धी मोजायची खोली

बंदराकाठच्या शाळेत बुद्धी मोजायची एक खोली होती, आणि उत्तर चुकलं की त्या खोलीचं छत वीतभर खाली यायचं. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. ज्यांचं छत फार खाली आलं, ती मुलं पुढे भर मैदानातही वाकूनच चालत. त्यांना मागच्या बाकावर बसवत आणि पुन्हा काही विचारत नसत.

हिरू पावसे नऊ वर्षांची, खलाशाची पोर. दारापाशी आयने बजावलं, "ताठ चाललीस, तशीच ताठ ये."

आत चाचणीवाल्या टिपणीस बाई बसल्या होत्या. छत अजून जागेवर होतं, तरी बाई आपल्या सवयीने वाकलेल्या.

"होडी, जाळं, मासा, टोपली. यात वेगळं काय?"

"टोपली. बाकीची समुद्रात जातात. टोपली आयसंगं बंदरावर थांबते."

"मासा. तो जिवंत असतो."

"जाळ्यातून काढल्यावर पण?"

छत वीतभर खाली आलं.

बाईंनी वाळूवरच्या होडीचं चित्र पुढे केलं. "यात काय नाहीये?"

"सगळं हाय. होडी पावसाळ्यासाठी वर ओढलीय."

"वल्ही नाहीत, बाळ."

"वल्ही घरात असतात, बाई! नारळी पुनवेआधी होडीत वल्ही ठेवील तो येडा."

छत दोन विती खाली आलं. एक उत्तराची, एक येड्याची.

आता वासा हिरूच्या वेणीला टेकला. बाई खुर्ची सोडून जमिनीवर बसल्या. "वाक, हिरू. वाकलं की दुखत नाही. मला विचार."

"तुमचं छत कुणी खाली आणलं, बाई?"

"प्रश्न मी विचारते."

"मग विचारा की!" म्हणत हिरू चक्क समोरच्या बाकावर चढली, तशी वरची दोन कौलं सरकली.

बाईंनी विचारलं. हिरूने आपलंच उत्तर दिलं, मोठ्याने. छत सरसर आलं, पण ती हलली नाही. सरकल्या कौलांमधून तिचं डोकं बाहेर आलं, मग खांदे. बंदरावरची माणसं वर बघू लागली. छत तिच्या कमरेवरून घसरत खाली चाललंच होतं.

आतून, बाकाशेजारून, बाईंचा दबलेला आवाज आला. "हिरू, तिथून काय दिसतं गं?"

"आधी तुम्ही सांगा, तिथून काय दिसतं?"

बाईंना आता बाकावरची दोन पावलंच दिसत होती. त्या पावलांच्या टाचा हळूहळू वर उचलल्या जात होत्या.