कोंडाबाईचा कान आणि माझी हवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सिलिंडर आहे. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यामागे शेवग्याखाली आडवा पडलोय. अंगावर गंज चढलाय, पण तक्रार नाही बरं का! माझा जन्म कारणी लागला.

मला मुंबईच्या कारखान्यात घडवलं. पोटात प्राणवायू आणि थोडा कर्बवायू घेऊन मी इथे आलो. एकाएकी कान गेलेल्या माणसाला ही हवा दिली की कानाच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असं तेव्हा डॉक्टर मानायचे. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. उगीच फुशारकी कशाला मारू?

एकदा राजेश्वर गावाहून बळीराम आपल्या बायकोला, कोंडाबाईला, घेऊन आला. तिचा एक कान लहानपणीच गोवरात गेलेला. आता दुसराही एका सकाळी अचानक बंद झाला. घरच्यांना वाटलं, कानात वारं शिरलं. त्यांनी लसणाचं कोमट तेल ओतलं, कापूस कोंबला आणि आठवडा तसाच घालवला.

डॉक्टर चन्नबसप्पा चिडले. "अण्णा, हे काय तेलानं बरं व्हायचं दुखणं आहे? त्याच दिवशी यायचं होतं!" कोंडाबाईची साखर भडकलेली, म्हणून ती आणखी वाढवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या त्यांनी टाळल्या. पडून राहायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं आणि माझी हवा हुंगायची, एवढंच हातात होतं.

रबरी मुखवटा बघून ती घाबरली. "माझं तोंड कामून बांधायलेत?" बळीरामानं तिचा हात घट्ट धरला. मी मनात म्हणत होतो, घे गं बाई, घे.

आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. पण तिला ऐकूच येत नाही म्हटल्यावर बळीरामाची भीड गेली. खाटेशी बसून तो बोलत राहायचा. "कोंडे, रोज भांडलो गं तुझ्यासंगं. पर तुझ्याबिगर म्या कुनाला बोलू?"

एका दुपारी तिनं मुखवटा बाजूला सारला. "माझं नाव घेतलाव व्हय? अन् रडायलाव कामून?"

बळीराम तिच्यावर वाकला. "तुला... ऐकू यायलंय?"

"लांबून यायलंय, पर यायलंय. आनिक एकदा म्हना की!"

तो डोक्यावरच्या पटक्याच्या टोकात तोंड लपवून म्हणाला, "कोंडे!" अख्खा वॉर्ड हसला, आणि मला तर धन्य धन्य वाटलं.

तो गुण माझा, औषधाचा, की कान आपोआपच उघडला, हे चन्नबसप्पांनाही सांगता आलं नाही. शेजारच्या खाटेवरचा काशाप्पा मुडबीहून आला होता, तोही असाच उशिरा. त्याला हीच हवा, हेच औषध दिलं, पण त्याचा कान काही उघडला नाही. जाताना त्याच्या बायकोनं, बाणूबाईनं, माझ्या अंगावरून हात फिरवला. "तू तुझं काम केलास, बाबा," म्हणाली. ज्याच्याकडून काहीच मिळालं नाही त्याचेही आभार मानणारी ती माऊली! तिचं ऋण माझ्यावर आहे.

म्हणून तिच्या वतीनं सांगतो, मित्रांनो. आता माझ्याहून चांगले उपाय निघालेत, पण वाट बघत बसलेल्या माणसाला तेही पुरे पडत नाहीत. घरात कुणाचा कान एकाएकी गेला, तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.