दोघांचं वजन

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. नागोराव तिथं एका ठेकेदाराकडे फिटर होता. गाव त्याचं वसमतच्या बाजूला. जवळच्या सालवडला घरमालकीण जमनामावशींच्या घराला लागून असलेली एक खोली त्याने भाड्याने घेतली होती. बायको, गोजराबाई, गावीच होती. नागोरावाचे वडील खंडेराव अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचं करायला घरात दुसरं माणूस नव्हतं. लग्नानंतर नवराबायको जेमतेम एक उन्हाळा एकत्र राहिले. पुढं नागोराव दिवाळीला जाई, भाऊबीज झाली की परत येई. गेल्या दोन दिवाळ्यांना तर तीही सुटी मिळाली नव्हती.

मोटरसायकल त्याने गोजरासाठीच घेतली होती, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या उन्हाळ्यात वसमतच्या बाजारात एक फौजदार बायकोला मागं बसवून बुलेटवरून गेला होता. गोजरा किती तरी वेळ वळून वळून बघत होती. मग हळूच म्हणाली होती, "मागं बसल्यावर पडल्यावाणी वाटत नसंल का वो?" नागोरावाला काय ठाऊक? तो नुसताच हसला होता. इथलं काम सोडून जाणाऱ्या एका सुपरवायझरने आपली जुनी बुलेट विकायला काढली, तेव्हा नागोरावाने मागचापुढचा विचार केला नाही.

आता गोजरा येणार होती. नणंद माहेरपणाला आली होती. तिने बापाचं करायचं कबूल केलं आणि भावजयीला मोकळं केलं. गावातला पुंजाराम कामासाठी मुंबईला निघाला होता. तो तिला दादरला बोईसरच्या गाडीत बसवून देणार होता. रविवारी संध्याकाळची गाडी.

रविवारी सकाळीच नागोरावाने गाडी अंगणात घेतली. काही दिवसांपासून चेन खडखडत होती आणि हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे ओढत होती. त्याने ती मोठ्या स्टँडवर चढवली आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवलं. चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, एखादी जागा ओढलेली असतेच. ती जागा सापडल्यावर त्याने तिथं खडूची खूण केली. मग चाकाचा नट सैल केला. बुलेटला चाकाच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या शंखासारखी एकेक चकती असते. ती फिरवली की चाक मागं सरकतं आणि चेन ताणली जाते. दोन्ही चकत्या सारख्याच खाचेवर ठेवायच्या. पण या गाडीची एक चकती आधीच्या मालकाने ठोकून ठोकून पार झिजवली होती. खाचांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मावशी, जरा येता का? सुतळी धरायचीय."

जमनामावशी लुगड्याला हात पुसत आल्या. नागोरावाने मागच्या टायरला मागून सुतळीचा वेढा दिला आणि दोन्ही टोकं गाडीच्या दोन बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढं नेऊन मावशींच्या हातात दिली. दोन्ही चाकं एका ओळीत असली तर सुतळी दोन्ही टायरांना दोन्ही बाजूंनी चाटून जायला हवी. डावीकडे ती पुढच्या टायरला दाबत होती, उजवीकडे मधून बोट जात होतं.

"सरळ धरा, मावशी."

"मी सरळच धरलंय. तुजंच चाक वाकडं हाय."

खरंच होतं. नागोराव एक चकती कणभर फिरवी, पुढं येऊन वाकून बघे, परत मागं जाई. मावशी कंटाळल्या नाहीत. सुतळी दोन्हीकडे सारखी टेकली तेव्हा त्याच्याआधी त्याच म्हणाल्या, "बसली!"

त्याने नट आवळला, ब्रेकचा रॉड पुन्हा जुळवला. पण काम संपलं नव्हतं. गाडीवर ओझं पडलं की चेन आणखी ताणली जाते. एकट्याच्या हिशोबाने आवळलेली चेन दोघांना सोसत नाही. त्याने गाडी स्टँडवरून उतरवून ओट्याला टेकवली, पुढच्या सीटवर स्वतःच्या जागी भाताचं पोतं ठेवलं.

"आता तुमी मागं बसा."

"मी? ह्या वयात?" असं म्हणत मावशी ओट्यावरून सरकून बसल्यासुद्धा. नागोराव खाली वाकला. चेन तारेसारखी ताठ झाली होती.

"बायको तुजी माज्याएवडी हाय का?" मावशींनी वरून विचारलं. "का भारी?"

नागोरावाचा हात चेनवर तसाच राहिला. गोजराला त्याने शेवटची पाहिली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. तिचा आवाज आठवत होता, चुलीपुढं बसलेली तिची पाठ आठवत होती, पण ती केवढी होती हे काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

"मला सांगता येत नाय, मावशी."

मावशी हसल्या नाहीत. "वाळली असंल," त्या म्हणाल्या. "पडलेल्या माणसाचं करून करून कोणबी वाळतंय. माज्यापरीस हलकीच धर."

त्याने दोन्ही बाजूंना थोडी ढील दिली, सुतळी पुन्हा लावून बघितली आणि नट पक्का केला.

संध्याकाळी बोईसरला गाडी थांबली आणि शेवटच्या डब्यातून गोजरा उतरली. हातात पिशवी, काखेत बोचकं. मावशी म्हणाल्या तशीच वाळली होती. दोघं एकमेकांपुढं उभे राहिले. 

"मामांनी तुमाला सांगितलंय," तिने शेवटी सासऱ्यांचा निरोप दिला, "तब्येतीला जपा म्हणून."

स्टेशनबाहेर बुलेट बघून ती थबकली. "कुणाची?"

"आपलीच. बस."

ती बोचकं मांडीवर घेऊन एका अंगाने बसली. नागोरावाने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं निघून गेले. गोजराने सीटची कड घट्ट धरली होती. पहिल्या खड्ड्याला तिने त्याचा खांदा पकडला आणि मग तो सोडलाच नाही.

"पडल्यावाणी वाटतंय का?" त्याने मान न वळवता विचारलं.

तिने खांदा आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "तुमाला ध्यानात हाय?"

घरी आल्यावर, भाकरी करता करता, तिने सांगून टाकलं. ती निघायच्या आधीच नणंदेच्या सासरहून सांगावा आला होता. नणंदेला पुढच्या आठवड्यात परत जावं लागणार होतं. म्हणजे गोजराला गुरुवारी निघणं भाग होतं.

"गुरुवारी?" नागोराव म्हणाला. "प्रवासातच निम्मे दिवस गेले की."

"मग काय करू? मामांना पाणी कोण पाजील?"

 सोमवारी त्याने रजा मागितली. मोठी यंत्रं उचलायचं काम निघालं होतं, मिळाली नाही. तो पहाटे जाई, दिवेलागणीला येई. दिवसभर गोजरा मावशींच्या वाडीत भाजीला पाणी घाली. बुधवारी मात्र पाळी बदलून मिळाली आणि दुपारी तो तिला मुरबे गावच्या समुद्रावर घेऊन गेला.

किनाऱ्यावर मासळी वाळत घातली होती, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. गोजराने समुद्र कधी पाहिला नव्हता. ती वाळूत गुडघे जवळ घेऊन बसली.

"पल्याड काय हाय?"

"दुसरा मुलूख. लई लांब."

"तुमी रोज बघता का हे?"

"नाय. एकट्याला येऊ वाटत नाय."

तिने पदराने डोळे पुसले. वाऱ्याने वाळू गेली म्हणाली. नागोराव तिच्याजवळ सरकून बसला. भरती चढत होती. पाणी पायांपर्यंत आलं तरी दोघंही उठले नाहीत.

गुरुवारी स्टेशनवर गर्दी होती. खिडकीजवळची जागा मिळाली. नागोराव गजांना धरून बाहेर उभा राहिला.

"तुमची ती फटफटी आपल्या गावापोतर येईल का?" गोजराने अचानक विचारलं.

"येईल. पण लई दिवस लागतील. वाटंत सारखं थांबावं लागंल."

"मग थांबत थांबत या."

शिट्टी झाली. तिची बोटं त्याच्या बोटांवरून सुटली.

तो सालवडला परतला तेव्हा मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं. "गेली?"

"गेली."

"परत कवा?"

"ती काय येते, मावशी! आमचे आबा हायेत तवर तिला निघता येत नाय. इथला ठेका उन्हाळ्यापर्यंत हाय. तो संपला की मीच जातो. तिकडं गावाकडच्या येलदरीला धरणावर फिटर लागतात म्हणे. मिळंल ते काम करीन."

"आणि उन्हाळ्यापर्यंत?"

नागोरावाने गाडी ओट्याला लावली. खोलीत गेला. चुलीजवळ गोजराने भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, दोन दिवस पुरतील एवढ्या. त्याने फडकं सोडलं, एक भाकरी हातात घेतली आणि तशीच धरून बराच वेळ बसून राहिला.