सत्तावीसपासून पुढच्या बाटल्या

मंजुषाने तपासणीचा कागद खाटेवर पसरला आणि शेवटच्या ओळींवर पेन्सिल फिरवली. श्रावण जाळ्याला गाठ मारता मारता थांबला.

"जाती दोन निघाल्या, भाऊ. वरून सारख्या दिसतात, पण डीएनएतल्या खुणा जुळत नाहीत. गुणाबाईंचं खरं होतं."

श्रावणने मान हलवली. वैनगंगेच्या या काठावर सगळे त्या मिशाळ माशाला शिंगटाच म्हणत. एकटी गुणाबाई टोपलीत हात घालून त्यांचे दोन ढीग करायची आणि सावली गावच्या बाजारात वेगवेगळे मांडायची. "एका मायची लेकरं वायली करून राह्यली," असं म्हणून श्रावण घाटावर चारचौघांत बायकोला हसायचा. गिऱ्हाइकंही हसायची. ती ढीग करतच राहायची.

मंजुषा गडचिरोलीच्या कॉलेजात शिकवायची. उन्हाळ्यात तिने गुणाबाईला नंबर घातलेल्या चाळीस बाटल्या दिल्या होत्या. माशाच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा स्पिरिटात टाकायचा. एका जातीला लाल झाकण, दुसरीला निळं. कोणता मासा कोणता, ते गुणाबाईने ठरवायचं. जूनमध्ये ती तापाने गेली. तेरवी झाल्यावर श्रावणने बाटल्यांचं खोकं एसटीने पाठवून दिलं.

"शोधनिबंधात त्यांचं नाव घालायचं होतं मला," मंजुषा म्हणाली. "यंत्राच्या आधी त्यांनी हातानं ओळखलं, असं. पण चाळिसातल्या आठ चुकल्या. एवढ्या चुका असल्यावर तसं लिहिता येत नाही. आठही शेवटी शेवटीच आहेत. अंगात ताप असेल तेव्हा."

ती कागदाची घडी घालू लागली. श्रावण तेवढा वेळ गप्प राहिला असता तर विषय तिथेच मिटला असता.

"ताप नाई," तो म्हणाला. "सत्तावीसपासून माह्या हातच्या आहेत."

"म्हणजे?"

"सव्वीस भरल्या अन् तिले दवाखान्यात नेलं. वापस आलीच नाई. तिचं काम अर्धं ठेवाले मन होईना. वाटलं, तीस वर्षं पाहून राह्यलो, येईलच मले." त्याने सुई जाळ्यात खोचली. "एक एक मासा हातात धरून पाह्यला. दोन्ही सारखेच. मंग लावलं झाकण, हाती आलं ते."

मंजुषाने घडी उलगडली. पहिल्या ओळीपासून पेन्सिलीचं टोक टेकवत ती सव्विसाव्या ओळीपर्यंत आली. मग पुन्हा वर जाऊन तिने तेच केलं.

"यात एकही चुकलेली नाही, भाऊ."

श्रावण जाळ्याचा सुटा धागा बोटाला गुंडाळत राहिला. बोटाचं टोक पांढरं पडलं.

"कशावरून ओळखायच्या गुणाबाई?"

"इचारलंच नाई कधी."

अंगणातून कोंबडी आत आली. कोणी हाकललं नाही म्हणून खाटेखाली गेली.

"त्या चौदा ओळी खोडून टाका ना, म्याडम."

"खोडता येत नाही. झालं ते सगळं सांगावं लागतं. कोणी भरल्या तेही."

श्रावणने बोटाचा धागा सोडला.

"मंग तिचं नाव पुरं लिहा," तो म्हणाला. "अन् बाकीच्या नवऱ्यानं भरल्या, त्याले वळखू आल्या नाई, असं लिहा."