वाडीने गाळलेल्या घरातली पेटी

मित्रांनो, कागदावर माझे नाव हार्मोनियम. पण आमच्या वाडीत त्या नावाने मला कुणी ओळखत नाही. इथे मी शिवाची पेटी. आता माझे वय झाले आहे. भात्याला दोन भोके आहेत, तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. माझी तक्रार त्याबद्दल नाही. मला राग आला आहे, आणि तो कशाचा ते मी तुम्हाला सांगणार आहे.

सावंतवाडीकडच्या एका कारागिराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. एकेक सूर कानाशी धरून त्याने तो जुळवला. शिवा आठवीत होता तेव्हा त्याचे वडील मला कट्टा गावच्या एस.टी.तून मांडीवर घेऊन आले, खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळत. शिवा पुढे काजू-आंब्याची कलमे बांधू लागला. हात राकट झाले, पण माझ्या पट्ट्यांवर ते हलके पडत. देवळातल्या सोमवारच्या भजनाला तो नसेल तर भजनी मंडळाचे मुख्य गायक गंगाराम बुवा तोंड उघडत नसत. एकदा कुणकेश्वरच्या जत्रेत लोकांनी आमच्याकडून तेच भजन तीन वेळा म्हणवून घेतले होते.

शिवाची बायको सुगंधा. भाकऱ्या थापता थापता तिला चुकलेला सूर कळे. "ओ, खंय लक्ष आसा तुमचा?" ती आतून ओरडे आणि शिवा हसे. त्यांची मुलगी अक्षया रांगत यायची आणि माझ्या भात्यावर बसायची. चांगले दिवस होते ते.

मग शिवा बदलला. एकाएकी नाही, हळूहळू. तो माझ्यापुढे बसे, भाता उघडे आणि तसाच बसून राही. जेवण कमी झाले. झोप उडाली. एका सोमवारी भजन संपल्यावर सगळे उठले, पण तो उठला नाही. गंगाराम बुवा चपला शोधत होते. शिवा त्यांना म्हणाला, "बुवा, माका झोप नाय. कायच करूचा वाटणा नाय. सकाळी उठलंय की वाटता, आपण नसलो तर बरा."

मित्रांनो, ही वाक्ये मी माझ्या कानांनी ऐकली. यापेक्षा स्पष्ट माणसाने काय सांगायचे?

बुवा हसले. "बापयो माणूस तू, असो रडतंस काय? चार दिस कामाक लाग, सगळा जाता." आणि ते टॉर्च घेऊन निघून गेले. त्यानंतर वाडीने देवाला गाऱ्हाणे घातले, नारळ ठेवले, दृष्ट काढली. सुगंधाने दोनदा डॉक्टरचे नाव काढले, तर भावकीतली माणसे तिच्यावरच उखडली. घोवाला वेडा ठरवतेस काय, म्हणाली. ताप आला असता तर त्याच माणसांनी शिवाला रिक्षात घालून नेले असते. मन आजारी पडले, तर ती नाटके!

चैत्रात शिवा गेला. त्याने स्वतःच जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. ते विचारणारे तेव्हा आमच्या पडवीत कमी नव्हते. त्या दिवसांत सुगंधाला एकाने विचारले नाही की तू जेवलीस का. सगळ्यांना तपशील हवा होता. आणि कारण हवे होते. इतका मोठा आजार, त्याला एकच कारण कसे असेल? पण त्यांनी शोधून काढले: बायको. तिचेच काहीतरी बोलणे लागले असेल. हे तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले गेले.

माझाही निकाल लागला. "ह्या पेटयेक दोष आसा, घरात नको," कुणीतरी म्हणाले. मला पडवीच्या कोपऱ्यात ठेवून वर गोणपाट टाकले. भात्याची भोके उंदरांनी पाडली ती तेव्हाच. मी लाकडाची, सोसले. पण अक्षयाने काय केले होते? तिच्याबरोबर शाळेत जाणाऱ्या दोघी आमच्या बांधावर थांबून हाक मारीत. त्या आता पलीकडच्या वाटेने जाऊ लागल्या. त्यांच्या आयांनी सांगितले होते. नऊ वर्षांची पोर दप्तर पाठीला लावून उभी राहायची आणि मग एकटीच निघायची.

पहिल्या वर्षी चतुर्थीला भजन आले नाही. सुतकाचे वर्ष, म्हणून सुगंधाने मानून घेतले. दुसऱ्या वर्षी सुतक नव्हते. आमच्याकडे चतुर्थीला मंडळ घरोघर फिरते. प्रत्येक गणपतीपुढे एक भजन, मग उसळ आणि चहा. आमच्या वाडीची फेरी दुपारी जेवणे आटोपली की सुरू होते. सुगंधाने पहाटेपासून काळ्या वाटाण्यांची उसळ केली, वीस कप धुऊन मांडले. शेजारच्या घरात झांजा वाजल्या. आरती झाली. मग पावले रस्त्यावर आली. आमच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, ती क्षणभर घुटमळली, आणि पुढे गेली.

"आये, ते आमचा घर इसारले," अक्षया म्हणाली.

विसरले नव्हते. बावीस घरांची वाडी, त्यात एकच घर गाळायचे होते आणि ते त्यांना बरोबर आठवले. गणपतीच्या नावाने गाणारी ही माणसे! सुगंधाने कप एकेक करून उचलले आणि पालथे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरी आली. किशोरी आमच्या गावची आशा ताई. घरोघर जाऊन तान्ही मुले, ताप-खोकला, गोळ्या हे सगळे पाहणारी. उसळीचा भरलेला टोप बघून तिला काय झाले ते समजले. ती पडवीत सुगंधाजवळ बसली.

सुगंधा शांतपणे म्हणाली, "अक्षयाक भैणीकडे धाडूचा म्हणतंय. थंय तेचा बरा होयत. मगे माझो कोणाक त्रास नको."

दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, असे बोलू नये गो. किशोरीने वही बाजूला ठेवली. "सुगंधा, सरळ इचारतंय, राग मानू नको. जीव देवचो इचार येता काय तुझ्या मनात?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. शिवाला तो कुणीही विचारला नव्हता.

सुगंधा "येता" म्हणाली आणि पोटातून रडली. किशोरीने तिला रडू दिले. उपदेश केला नाही, मुलीची शपथ घातली नाही. "सांगलंस ता बरा केलंस. आता तू एकटी नाय. आज मी हयसून हलणंय नाय," एवढेच म्हणाली. तिने सुगंधाच्या बहिणीला फोन करून बोलावून घेतले. मग १४४१६ हा मनाच्या मदतीचा सरकारी नंबर लावून मोबाइल सुगंधाच्या हातात दिला. फोनवरची बाई प्रमाण मराठीत बोलत होती, सुगंधा मालवणीत, तरी दोघींचे नीट जमले. बहीण त्याच दुपारी पिशवी घेऊन आली आणि महिनाभर राहिली. दुसऱ्या दिवशी किशोरी सुगंधाला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरवड्याला जाऊन बोलणेही सुरू झाले. लगेच काही बदलले नाही. पण कार्तिकात एके दिवशी सुगंधा अक्षयाच्या अभ्यासातली चूक पाहून ओरडली, आणि त्या आवाजात जीव होता.

त्याच महिन्यातल्या एका सोमवारी तिने माझ्यावरचे गोणपाट काढले, मला उचलले आणि देवळात नेऊन गंगाराम बुवांपुढे ठेवले. भजन थांबले.

"बुवा," ती म्हणाली, "माझ्यामुळे तो गेलो म्हणतत. तेणा तुमका काय सांगलेला, ता ह्या सगळ्यांका सांगा. तो माका सगळा सांगी."

बुवांच्या हातातली झांज खाली आली. "सांगल्यान होता," ते म्हणाले. "माका सांगल्यान होता आणि मी हसलंय." मग डोळे पुसून ते म्हणाले, "पेटी आमी दुरुस्त करून घेतो. शिवाचो फोटो लावया हयसर."

"पेटी मगे," सुगंधा म्हणाली. "फोटो पण मगे. आधी घरात येवा."

आधी पेटीच दुरुस्त करू, असे तेव्हा कुणी म्हणाले असते तरी मला आवडले नसते. तिचेच बरोबर होते.

ते आले. गुरुवारी, ना सण ना वार, सात जण पडवीत दाटीवाटीने बसले. सुगंधाने चहा दिला आणि ती म्हणाली, "तेचा नाव घेवा. कोण नावच घेणत नाय, ताच माका सोसणा नाय." मग एकाने शिवा पावसात छत्री माझ्यावर धरून स्वतः भिजत आल्याचे सांगितले. दुसऱ्याने त्याने बांधून दिलेल्या कलमाचे. बुवांना मी अजून माफ केलेले नाही. पण आता मंडळातला एखादा दोन सोमवार आला नाही तर ते स्वतः त्याच्या घरी जातात, बसतात आणि विचारतात. हे त्यांनी दोन वर्षे आधी केले असते तर!

वाडीतली पाच-सहा घरे अजूनही वाट वाकडी करून जातात. त्यांच्यासाठी माझा राग शिल्लक आहे.

तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला सांगते. तुमचा एखादा मित्र गप्प गप्प झाला, आपण नसतो तर बरे असे म्हणाला, तर हसू नका आणि ते गुपितही ठेवू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा. विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मग लगेच एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या घरी असे घडले असेल, तर उद्या सकाळी तिच्या बांधावर थांबा आणि नेहमीसारखी हाक मारा. आई नको म्हणाली तरी मारा.